विषय केंद्राचा

—नाय नाय दिनानाथ, मिशी अजून वर घे. शाडूचा असला तरी सरहद्दीवरचा जवान हाय तो, चेहरा माझा देतोयस, आणि मिशी अशी खाली? शत्रू काय म्हणंल? आमदार हैबतराव टरकला म्हणंल! हां — आता कसं! सही ना? करतो रे बाबा. कागद खिशातच हाय. तुमच्या खाडीच्या बांधाला खांड गेलीय, भगदाड पडलंय, जेसीबी तिथं सकाळधरनं उभा हाय, माझ्या पत्राबिगर डायवर हात लावत नाय, आणि दुपारी बाराला अमावास्येचं उधाण — सगळं पाठ हाय मला. गिरजाबाईनं तीनदा ऐकवलं. पण तूच म्हणालास ना, साहेब हलू नका, चेहरा बिघडंल? मग हलल्याशिवाय सही कशी करू? जवानाचं होऊ दे आधी.

तर काय सांगत होतो — चीन. विधानसभेत उभा राहिलो, म्हटलं, अध्यक्ष महाराज, चीनला एकदा सणसणीत दम द्या. तर म्हणतात, हा विषय केंद्राचा, तुम्ही पेणचं बोला. आता पेणचं काय बोलायचं? पेणवर कुणी हल्ला केलाय काय? हसले सगळे. हसू दे! मी थेट चीनला पत्र टाकलं. मराठीतनं. आठ दिवसांनी परत आलं, तिकीट कमी लावलंय म्हणून. बघ, कशी चाल खेळतात! पण आपण हटणार नाय. एक इंच देणार नाय कुणाला.

काय गो गिरजाबाई? पाणी? कुठं आलंय? अंगणात ना, मग येऊ दे की. एवढी तीनशे गणपती घडवणारी बाई तू, अंगणातल्या पाण्याला भितेस? शाडू विरघळतो, मला ठाव हाय गो, मी पेणचाच हाय. वरच्या फळ्यांवर ठेव. फळ्या भरल्या? मग... ठेव कुठंतरी.

दिनानाथ, तू मेळाव्याला आलावतास ना? राष्ट्रसुरक्षा मेळावा! भर पावसात पाच हजार माणूस, आणि चिखलात एकाचं पाऊल रुतलं नाय. का? मैदानात भर टाकली म्हणून. माती काय लांबनं आणली? नाय. ही इथनंच, तुमच्या बांधा... बाजूनं. दोन डंपर. चार असतील. आठच्या वर नाय गेलो, आईशप्पथ! एवढा रुंद बांध, कुणाचं लक्ष जातंय? आणि बांध म्हणजे काय सरहद्द हाय? — असा बघू नको माझ्याकडं. त्या जवानाकडं बघ, डोळ्यांची आखणी राहिलीय.

अरे, आत आलं की! थांब, पाय वर घेतो खुर्चीवर. मी काय माघार घेत नाय, पवित्रा बदलतोय. आण, पेन आण, केली सही. तारीख कालची टाकतो, म्हणजे आपण वेळेवर होतो. आणि मला सांग, हे पाणी कुठनं आलं? खाडीतनं. खाडीत कुठनं? दर्यातनं. आणि दर्या कुणाचा? साऱ्या देशांचा! म्हणजे ही घुसखोरी झाली, आणि घुसखोरी हा विषय केंद्राचा. मी आमदार माणूस, काय करणार? लिहीन दिल्लीला. तिकीट पुरतं लावून लिहीन.

अरे, जवानाचे पाय गेले बघ! धर त्याला, माझं तोंड हाय ते... पडला. जाऊ दे, दुसरा कर. आता मला घे पाठीवर. गाडीपर्यंतच, बूट नवे हायत. ये, वाक जरा. — तो गणपती कशाला उचलतोस? आधी मला घे. गिरजाबाई, तू पण? अगो, मी बोलतोय ना! दिनानाथ... तीनशे हायत रे ते, मी एकटा हाय! दिनानाथ?