फडक्याचं आडनाव

सरदार? परत म्हणा एकदा. नाय, ऐकू आलं मला — कान शाबूत हायत माझे — पण परत म्हणा, गोड वाटतं ऐकायला. पाणबघे घराण्याचा मूळपुरुष आरमारातला सरदार. वा. अन् मी हितं दांडीच्या किनाऱ्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षं फाटकी गंजी घालून बसलोय, सरदाराचा वारस, अन् मलाच कुणी सांगितलं नाय. बसा, त्या उलट्या टोपलीवर बसा. मासळीचा वास लागेल तुमच्या पांढऱ्या शर्टाला, पण सरदारांनी वासाला भिऊन कसं चालेल? — निळा हाय? असेल निळा. उन्हात सगळं सारखंच. तर डोंबिवलीहून निघालात, बोईसरला उतरलात, रिक्षावाल्यानं तुमची बॅग बघून दांडीचं भाडं सांगितलं असणार — अन् हे सगळं कशाला, तर पाणबघ्यांचा कुलवृत्तांत काढताय. दिवाळीला छापायचाय. सगळ्यांची पानं भरली, दांडीचं एक तेवढं कोरं राहिलंय. तिथं माझं नाव, बापाचं नाव, पोराबाळांची नावं, अन् खाली माझा अंगठा पाहिजे. अंगठा हाय माझ्याकडं. कुठं पळून जात नाय तो. आधी चहा घ्या, ही लाडकी, हितं किनाऱ्यावर कामाला असते ती, ठेवून गेली बघा तुमच्यासमोर.

किती घरं म्हणालात? त्रेचाळीस. सगळ्या जगात मिळून त्रेचाळीस. ठाणं, डोंबिवली, पुणं, बडोदा, इंदूर — अन् एक अमेरिकेत. तिथं कुठं, वाळवंटात? बघा म्हंजे. पाण्यापासून जितकं लांब तितके पाणबघे जास्त. इंदूरचा पाणबघे काय बघतो हो दिवसभर? माझा पोरगा पण तसलाच, बोईसरला कंपनीत हाय, खोली हाय, पहाटे उठून नळाला पाणी आलं का ते बघतो — घराण्याचं नाव तेवढं राखलंय त्यानं. हितं यायला सवड नाय. तिकडं तारापूरला अणुशक्तीत समुद्राचं पाणी आत घेतात, ते बघायला म्हणे पाळीपाळीनं माणसं ठेवलीत, काटे हायत, लाल दिवे हायत — त्यात एक पण पाणबघे नाय. अन् तुमच्या त्रेचाळीस घरांत पोहायला किती जणांना येतं? तुमाला येतं? — राहू दे. फॉर्मात त्याचा रकाना नसेल.

आता तो खांब बघा. सागवानी हाय, माझ्या बापाच्या हातचा. दोरी हाय, दोरीला पांढरं फडकं हाय, आता खाली हाय. अन् समोर खाडीच्या तोंडात काळा दगड दिसतो का, बैल बसल्यासारखा? त्याला बैलच म्हणतो आमी. ओहोटीला अख्खा बाहेर, भरती आली की आधी पाय जातात, मग पोट, शेवटी वशिंड. वशिंड बुडलं म्हंजे आत यायला पाणी झालं. पण नुसतं बुडून भागत नाय — एक लाट येते, वशिंड झाकते, लाट गेली की परत वर. तीन लाटा जाऊ द्यायच्या. तीन लाटा गेल्या अन् वशिंड वर आलं नाय, की फडकं चढवायचं. मग बाहेर थांबलेल्या होड्या आत येतात. होड्या आत शिरेपर्यंत किनाऱ्यावर कुणी तोंड उघडत नाय, हसत नाय, पोराला हाक मारत नाय. हे ज्याचं काम तो पाणबघा. एवढंच हाय तुमचं घराणं, साहेब. एक दगड, एक फडकं, तीन लाटा. घोडा कुठं बसवायचा ह्यात, तुमीच सांगा. आता इंजिनं आली, मान्य, चालू करतात अन् भुर्र येतात — पण इंजिन आलं म्हणून दगड मऊ होत नाय.

अन् हे काम रक्तानं नाय मिळत. हे जरा नीट लिवून घ्या. फडकं ज्याच्या हातात, आडनाव त्याचं. चुकीचं फडकं चढवलं, की त्याच दिवशी गाव येतो, फडकं काढून घेतो, अन् जो बरोबर बघत होता त्याला देतो. फडक्याबरोबर आडनाव पण जातं. मग आदल्याला नाव काय राहतं? काय नाय राहत. नुसता चिंत्या. तुमच्या पणजोबासारखा.

हां, चिंत्या. तुमच्या कागदात चिंतामणराव लिवलंय का? हितं चिंत्याच म्हणायचे, माझा बाप सांगायचा. व्यापारासाठी मुंबईस प्रस्थान केलं, असं वाचलंत ना तुमी मगाशी? प्रस्थान. छान शब्द हाय, पायात जोडे असल्यासारखा वाटतो. चिंत्या अनवाणी पळाला, साहेब. त्या दिवशी त्याच्या बहिणीची हळद होती. वरून हाक आली, चल लवकर, सगळे थांबलेत — अन् बाहेर एकच होडी राहिली होती, गावातले दोघे सख्खे भाऊ त्या होडीत. चिंत्यानं एक लाट बघितली. वशिंड झाकलं, ह्यानं फडकं चढवलं अन् हळदीला गेला. दुसऱ्या लाटेला बैल परत वर आला. भाऊ काय बघणार, त्यांनी फडकं बघितलं होतं. होडी पोटात फुटली. दोघांत एक पण मिळाला नाय. अन् चिंत्या हळदीच्याच अंगानं पालघरच्या बाजूला पळाला, गाव फडकं घ्यायला यायच्या आधी. गावाला फडकं मिळालं, पण नाव घेऊन गेला तो. दुसऱ्याची छत्री उचलून जावी तसा. अन् मग त्या छत्रीखाली पोरं झाली, नातवंडं झाली, डोंबिवलीला फ्लॅट झाला, अमेरिका झाली. त्रेचाळीस घरं, अन् सगळ्यांच्या दारावर पितळी पाटी.

राग आला? येऊ दे. चहा गार होतोय.

मग माझा बाप कोण, असं विचाराल. जिवल्या. इकडचा नव्हेच तो, बेटेगावच्या पलीकडच्या डोंगरातला. गवताचा भारा घेऊन किनाऱ्यावर विकायला आला होता त्या दिवशी. तो एकटा ओरडत होता, पाणी नाय झालं, पाणी नाय झालं. कुणी ऐकलं नाय — हळदीची वाजंत्री वाजत होती ना. संध्याकाळी गावानं फडकं त्याच्या हातात दिलं. त्याला होडीत बसता पण येत नव्हतं, बसला की ओकायचा. पण पाणी बघायचा. चाळीस वर्षं बघितलं, एक होडी नाय घासली. मग मी. म्हंजे तुमच्या चिंत्याचं अन् माझं रक्त धुंडाळलं तर कुठंच गाठ पडायची नाय. तुमी मला मगाशी काका म्हणालात, ते पाहिजे तर परत घ्या.

अरे, टोपण लावलंत पेनाला? आवाज आला. नाय, थांबा. बाकीचं ऐकून जा, मला तुमच्याशी काम हाय. मी सरदार-सरदार करून हसतोय म्हणून तुमचं पुस्तक मला नको असं समजू नका. पाहिजे हाय. सांगतो कशाला.

येत्या सोमवारी मच्छीमार सोसायटीची सभा हाय. चेअरमन म्हणतो, सुकाबा — म्हंजे मी — सुकाबा आता म्हातारा झाला, त्याच्यामागं पाणबघ्यांत कोण नाय, पोरगा येणार नाय, तर खांब काढून टाकू अन् त्या जागेवर बर्फाचं गोडाऊन बांधू. मी म्हणालो, हाय माझ्यामागं. तर म्हणतो, कोण? मी म्हणालो, लाडकी. तर हसले सगळे. डोंगरातली बाई, बोंबील वाळत घालायला मजुरीनं आलेली, ती कसली पाणबघे. ज्यांच्या आजोबांनी जिवल्याला फडकं दिलं, ते हसले. मग चेअरमनच म्हणाला, मुंबईकडून पुस्तक येतंय म्हणतात ना तुमच्या घराण्याचं, त्यात जिचं नाव छापलं असेल ती पाणबघे, मग आमचं काय म्हणणं नाय. त्याला वाटलं, काय छापणार हायत. पण मी धरून ठेवलं ते. तुमी सोमवारच्या आधी नुसतं तुमच्या मंडळाच्या कागदावर लिवून शिक्का मारून दिलंत तरी पुरे. छापलेल्या कागदाला आमची माणसं फार भितात. तर असा सौदा करू. तुमचा सरदार तुमाला ठेवा. घोडा द्या, तलवार द्या, हत्ती पाहिजे तर हत्ती द्या, मी खाली अंगठा देतो. माझ्या नावाखाली तेवढं लिवा — लाडकी पाणबघे.

काय? नियम? मंडळाचा ठराव हाय? फक्त रक्ताचे वंशज अन् लग्नाच्या बायका. बरं. मग चिंत्याचं हळदीतलं रक्त चालतं, अन् —

बघितलंय मी, लाडकी कशी बघते ते. म्हंजे, बघितलं नाय. ऐका, आता बोललोच हाय तर. तुमाला सोडून कुणाला सांगितलेलं नाय, अन् तुमी सांगणार पण कुणाला, अमेरिकेला? नऊ वर्षं झाली. डोळ्यांत पांढरं आलं होतं, मला कळत होतं, पण कुणाला बोललो नाय. बोललो असतो तर फडकं गेलं असतं. मला सगळंच बुडालेलं दिसायचं, साहेब. बैल नाय, खाडी नाय, नुसतं चकचक. मग मी आवाजावर अंदाज करायला लागलो — लाट दगडावर फुटते तिचा आवाज वेगळा, वरून जाते तिचा वेगळा. जमायचं. एक दिवस वारा फिरला अन् नाय जमलं. मी चढवलं फडकं. पाच माणसं होती त्या होडीत. लाडकी तिथं काठ्यांवर बोंबील टाकत होती, ती तशीच धावत आली, माझ्या हातातली दोरी हिसकली, मला ढकललं — पडलो मी, हा कोपर बघा — अन् फडकं खाली ओढलं. होडी वळली. वळली म्हंजे इंजिनाचा आवाज फिरला, त्यावर मला कळलं. वर येऊन त्यांनी विचारलं, काय झालं सुकाबा. मी सांगितलं, दोरी सुटली. लाडकी तिथंच उभी होती. तिनं दोरीला परत गाठ मारली, खरंच सुटली असल्यासारखी.

गावाच्या रिवाजानं त्या घटकेला नाव माझं राहिलं नाय. चिंत्या पळून गेला, मी बसून राहिलो, एवढाच फरक. तो नाव घेऊन डोंबिवलीला गेला, मी नाव घेऊन ह्याच टोपल्यांत बसलोय. लोक म्हणतात, सुकाबा अठ्ठ्याहत्तरीत पण काय नजर हाय त्याची. नजर तिची हाय. ती खांबाशी बसून जाळं शिवल्यासारखं करते, मी उभा राहून ऐट करतो, अन् दोरी ती ओढते. नऊ वर्षं. आता हे सभेत सांगावं तर पाचही जण अजून जिवंत हायत, त्यातला एक चेअरमनच हाय. तेव्हा सांगू नका. पण लिवायला काय हरकत हाय? माझं नाव नको तुमच्या पुस्तकात, खोडा पाहिजे तर. तिचं घ्या.

पानं उलटताय. ठराव परत वाचताय वाटतं.

बरं, मग एक करा. तुमी रक्ताचे ना? अस्सल चिंत्याचे? उठा जरा. अंगावर ऊन येत नाय आता, म्हंजे बराच वेळ झाला, भरती वर आली असणार. बाहेर होड्या थांबल्यात, दोन हायत, आवाज येतोय. तिकडं बघा अन् मला सांगा, वशिंड बुडलं का? नीट बघा, घाई नाय, तुमची कुठं हळद नाय.

बुडलं म्हणता? नक्की? चढवू द्यायचं फडकं?

मग चढलं का नाय ते? लाडकी काय करतेय? — बसलीय. दोरी हातात हाय पण बसलीय. झोप लागली असेल तिला, डोंगरातली बाई. ओरडा की तुमी, पाणबघे तुमी, सांगा तिला चढव म्हणून.

आता बघा परत. लाट गेली का? काय दिसतंय?

हां.

वशिंड परत वर आलं ना? मगाशी तुमाला झाकलेलं दिसलं, तुमच्या पणजोबाला पण तेवढंच दिसलं होतं. त्यानं वाट नाय बघितली, तुमी पण नाय. ती बघतेय. त्याला काय म्हणतात ते त्रेचाळीस घरांना विचारून बघा, मला शाळा नाय. आता परत पहिल्यापासून तीन लाटा जायच्यात. तेवढ्यात सांगून टाकतो — तिच्या बापाचं नाव विचारू नका, नवऱ्याचं पण नको, दोघांनी कधी पाणी बघितलं नाय. गाव दांडी. धंदा, पाणी बघणं. रकाना नसेल तर काढा एक, पट्टी हाय ना तुमच्या बॅगेत.

पेनाचं टोपण निघालं वाटतं.

काय लिवताय ते मला वाचून दाखवू नका. चांगलं असेल तर सोमवारी कळेल, वाईट असेल तर पण सोमवारीच कळेल. कागद लाडकीच्या हातात द्या अन् निघा, एस्टी वळणावर थांबते, हात करावा लागतो. अंगठा? कसला अंगठा, शाई तरी — आणा. कुठं ठेवू? धरा माझा हात अन् नेऊन ठेवा तिथं. तिच्या नावावर नको. खाली. आणखी खाली.

थांबा. दोरी करकरली.

आता गप. होड्या आत येतायत.