राजवाड्यावरची रेघ

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली जुनी चिनी बशी होती.

"दुरुस्तीवाला हसला कशाला गं?"

"आई, बशीला तडा गेलेलाच नाही. ती रेघ रंगवलेली आहे."

"बशीवरच्या चित्रातल्या राजवाड्याच्या मधोमध?"

"चीनमधल्या चित्रकारानं युरोपातला राजवाडा कुठे पाहिला होता? त्याला नमुन्याचं चित्र घडी घालून धाडलं होतं. बिचाऱ्यानं राजवाडा उतरवला आणि कागदाची घडीही उतरवली."

"म्हणजे तू लग्न होऊन आलीस, तेव्हा बशी आपटली नव्हतीस?"

"इतकी वर्षं घसा कोरडा करून तेच तर सांगतेय!"

"मग तेव्हा रडलीस कशाला?"

"तुम्ही ओरडलात म्हणून!"

"अगं, माझ्या सासूबाईंनी मलाही याच रेघेवरून रडवलं होतं. तू आलीस, तेव्हा म्हटलं, चला, सुटले एकदाची."

"आई!"

"हसू नकोस. पुढच्या महिन्यात तुझी सून येईल. तिला पहिल्याच दिवशी खरं काय ते सांगून टाकू."

"पहिल्याच दिवशी? एवढी काय घाई आहे?"