ओ देणारी

नाही, बंद नको करूस — गेम चालू असला की बोलता येतं मला. ती खुर्ची ओढ आणि बस. आणि हा तूच पाठवलास ना दादा, मागच्या वर्षी — 'आईचं करताना तुझा वेळ जाईल' म्हणून? मग बघ तरी, कसा जातो ते.

ही बाई, तिच्या पाठीवर ही म्हातारी, आणि डोंगर. बस्स. ना बंदुका, ना गाड्या. हे बटण दाबून धरायचं — सुटलं की म्हातारी पडली, पडली की पायथ्यापासून पुन्हा. मधेच ती कण्हते, तेव्हा दुसरं बटण दाबून ओ द्यायची. नाही दिली की घाबरते मेली, हात सोडते. बर्फ, काळोख, वारा — दुसरं काही नाही. सहा महिने मी नुसती पडत होते. अंगठ्याला घट्टा पडलाय, हा बघ. हसतोस काय? तुझ्या हाताला काय पडलंय आईच्या आठ वर्षांच्या आजारपणात, दाखव बरं.

का खेळायचे? अरे, आईलाही मी उचलतच होते की — पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, परत पलंगावर. ती कुठे पोचली का? इथे निदान माथा होता.

त्या दुपारी पोचले मी. सकाळपासून विचारतोयस ना, 'आईचं शेवटी काय झालं, शेवटी काय झालं' — तेच सांगतेय. तीनला चढायला लागले, चार वाजत आले तरी अंगठा हलू दिला नाही. माथ्यावर म्हातारीला टेकवलं, तिनं वळून बघितलं, आणि खाली अक्षरं आली — 'दमलीस?' एवढंच. एवढंच रे! हमसून हमसून रडले मी. इतकं हलकं वाटलं, काय सांगू. आईनं विचारलं होतं हे कधी? तू विचारलंस? तू फोनवर नुसता 'येतो, येतो' — आणि उगवलास कधी, तर सगळं उरकल्यावर.

आई? आई पलीकडच्या खोलीत होती. हाका मारत होती ना. भिंतीतून नुसतं कण्हल्यासारखं यायचं, मला वाटलं गेममधलीच. आणि मला मेली सवय — बटण दाबताना तोंडानंही म्हणायची, 'आले गं, आले'. तिला वाटलं, आलेच. गप्प झाली. परत हाक, परत माझं 'आले गं'. असं तीनदा. चौथ्यांदा मात्र शब्द कळले. हो, चांगले कळले. पण चार पावलं उरली होती दादा, बटण कसं सोडू? 'आले' म्हटलं आणि चढले. गेले तेव्हा तांब्या लवंडलेला, आणि तिचा हात पलंगावरून खाली लोंबत होता.

आता रडून काय उपयोग? मी माझं रडून घेतलंय.

कुठले शब्द म्हणजे? नको विचारूस. — बरं, ऐक. 'दादा, ए दादा.' दचकतोस काय? आठ वर्षं ती तुझ्याच नावानं हाक मारायची. ओ तेवढी मी द्यायचे.

सरक, टीव्ही दिसत नाहीये. आणि जाताना दार ओढून घे.