ओवीतली ‘मी’ म्हंजे गोदी

भाभी, अन् जमलेल्या समद्यांनो, ह्यो माइक तोंडाशी आला की माझी बोबडी वळते. पण भाभी, तुमचे मालक, आमचे रशीद मास्तर गेले अन् मी गप बसले, तर त्येंनाच राग यायचा.

मी सोनाबाई. दुसरीपत्तूर शाळा. तरी येवढे शिकलेले मास्तर मला “आमच्या बाई” म्हणायचे. लई गोड वाटायचं. खोटं कशाला सांगू, आज बी वाटून राहिलंय. रडायला आले अन् हसून राहिले. भाभी, माफ करा.

भूकंपाच्या आधी आमच्या गावात मी अन् शेजारची गोदी एका जात्यावर बसायचो. एक ओवी माझी, म्होरली तिची. गोदी लई वात्रट. मी भावाची वाट बघायची ओवी म्हणले, की ही भाऊच व्हायची. “येतो गं, बैल दमलेत माझे!” हसून हसून माझ्या हातातला खुंटा सुटायचा.

भूकंपात गोदी गेली. पत्र्याच्या शेडात जातं आलं, गोदी न्हाई आली. पहिल्यांदा दळाया बसले. माझी ओवी म्हणले अन् सवयीनं थांबले. आता तिची कोण म्हणणार? मंग मीच गोदी झाले.

नको उपसू गं बाई, माझ्यासाठी ह्ये दगड,
मी पाण्याला आलेय, हाय आडाच्या पलीकड.

बाया भांडल्या माझ्याशी. “मेलेलीच्या तोंडानं बोलतीस व्हय?” पण ओवी ह्या शेडातून त्या शेडात गेली. कुणाच्या तरी तोंडून मास्तरांनी ऐकली अन् वहीत उतरवली.

लई वर्सं गेली. नातीला लातूरच्या क्लासला घातलं. खोली केली, सैपाकाला मी. तवा लातुरात घरोघर आज्याच होत्या हो, नातवंडं क्लासात अन् आम्ही स्टोपासंगं! एक दिस पोरगी डबा इसरली. घेऊन गेले, तर आत मास्तर सांगून राहिले, “ही ओवी म्हणणारी बाई ढिगाऱ्याखाली गेली.”

मी दारातूनच वरडले, “ओ मास्तर! मी जित्ती हाय! आत्ताच भाकरी थापून आले!”

पोरं खदखदा हसली. मास्तरांनी खडू खाली ठेवला. “मग आजी, ह्यातली ‘मी’ कोण?”

“गोदी.”

“आणि म्हणणारी?”

“मी.”

“मग बोलतंय कोण?”

“मास्तर, ते जात्यावर बसल्याबिगर कळायचं न्हाई.”

साऱ्या वर्गापुढं त्येंनी कान धरला. “पोरांनो, मी चुकीचं शिकवलं.” सांगा, असं म्हणणारा मास्तर कितीजणांनी बघितलाय?

तवापासून कोणची बी कविता काढली, की आधी इचारायचे, कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? अर्थ मागनं. क्लासवाले साहेब म्हणायचे, “सर, करुण भाव, येवढं लिहून द्या अन् म्होरं चला.” मास्तर म्हणायचे, “करुण कुठाय, साहेब? मेलेलीच जित्तीला धीर देऊन राहिलीय!” त्येंचे तास कमी केले. बोलणं कमी न्हाई झालं.

आता मास्तरांच्या आठवणीत क्लासवाले त्येंची वही छापून राहिलेत. चांगलंय. पण काल मला पहिलं छापील पान वाचून दाखवलं. ओवी बदलली! ‘तिच्यासाठी नका उपसू, ती आडाच्या पलीकड.’ वर मथळा, भूकंपाचं करुण गीत. साहेब म्हणाले, “आजी, ‘मी’ ठेवलं तर पोरं गोंधळतात.”

गोंधळू द्या की! मास्तर न्हाई गोंधळले? गोंधळले म्हणून तर शिकले!

साहेब, तुम्ही हिथंच बसलाय, म्हणून तोंडावर सांगते. ‘ती’ म्हणलं की गोदी मातीत अन् आपण काठावर रडत. ‘मी’ म्हणलं की गोदी उठून बोलते. तुम्हाला ओवी नीट करायचीय, अन् माझी गोदी दुसऱ्यांदा गाडली जातीय. न्हाई गाडू देणार. मास्तरांनी न्हाई दिलं, मी बी न्हाई.

भाभींनी वही माझ्याकडं दिलीय. ही बघा, पदराखाली. हाय तसं छापतो म्हणा, आत्ता देते. न्हाई म्हणाल, तर संगं घेऊन चालले. भाभी मान हलवून राहिल्यात, बघा तिकडं.

आता मास्तरांसाठी एक. काल भाकरी थापता थापता आली.

नको रडूस लेकरा, मी गेलो न्हाई लांब,
फळा पुसून येतोय, घडीभर जरा थांब.

अन् बाहेर जाऊन कुणी म्हणू नका, सोनाबाईनं मास्तरांवर ओवी केली. मी न्हाई केली. त्येंनीच म्हणलीय.

उठा, उभे ऱ्हावा. त्ये थांब म्हणालेत, घडीभर थांबू. कुणी बोलू नका.

मास्तर, सलाम.