आरशातली झोप

डेपोतल्या चहाच्या रांगेत शिवणवाल्या मावशी हिरवी पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या पुढे दोन बस ड्रायव्हर.

"डोळे बघ तुझे, नुसते लालभडक!"

"रात्रपाळी केली, तर सकाळी बदलीवाला आलाच नाही. साहेब म्हणाले, एवढी एक फेरी मार. ती 'एवढी एक' अजून संपतेय."

"सांग ना, जमणार नाही म्हणून."

"सांगून बघितलं. पण त्याचं नाही रे एवढं. आरशात बघितलं की जीव जळतो माझा. अख्खी बस डाराडूर!"

"झोपेनात का! तुझ्या बापाचं काय जातं?"

"तिसऱ्या खिडकीशी एक बाई असते. हिरवी पिशवी उशाला घेऊन अशी झोपते, जशी माहेरीच आलीय. परवा मुद्दाम कचकन ब्रेक दाबला."

"उठली?"

"कूस बदलली!"

"हात्तिच्या!"

"हसू नकोस. काल तिच्याकडेच बघत राहिलो. समोर नजर गेली, तर सिग्नल मागे पडला होता. लाल होता की हिरवा, देव जाणे."

मावशींनी पिशवी हळूच पाठीमागे नेली.

बसमध्ये त्या तिसरी खिडकी सोडून थेट ड्रायव्हरच्या मागे बसल्या. आरशातल्या लाल डोळ्यांनी त्यांना शोधून काढलं.

"काय मावशी, आज झोपायचं नाही वाटतं?"

"नाही रे बाबा. आपल्या दोघांत एकाने तरी जागं राहायला हवं."