कपाटातलं पाणी

…आन् पंप सुरू केला तर नळातून काय यावं? पाणी? नाई बाप्पा, खोकला! फुस्स… खर्रर्र… फुस्स! तुमाले सांगतो, नागपूरचा मे महिना, एकुलत्या पोरीचं, दिपालीचं, लगन तोंडावर, आन् अंगणातली बोअर खोकलून राहिली! बाजूच्या चंपतरावांची तर मागच्याच साली आटली. ते भिंतीवरून वाकून म्हणते, "आमचीबी अशीच खोकलत होती, मधुकरराव… मंग चूप झाली." लगनाघरी असं बोलते का कोनी, सांगा!

मी तर बादलीत आंघोळ करतो, फिल्टरचं फेकायचं पाणी कूलरमधी टाकतो, मंग पाणी जाते कुठं? तर आमची पुतणी गार्गी, शेतकी कॉलेजात शिकते, ते म्हणते, "काका, पाणी कपाटात आहे."

"कपाटात?"

"आहेराचे कपडे पाहा ना. एका शर्टपिसामागं दोन-अडीच हजार लिटर पाणी. कपाशीले लागते, रंगवायले लागते. दिसत नाई इतकंच."

दिसत नाई! अहो, कपाटात काय कमी होतं? शर्टपीस, टॉवेल, दुपट्टे, ब्लाउजपीस… घड्या तशाच, टाचण्या तशाच, कोनी शिवत नाई, कोनी नेसत नाई, आन् दर लगनाले नवीन भर! भ्याव वाटलं मले, खरं सांगतो. भर दुपारी लू चालून राहिली आन् मी कपाटाले कान लावून बसलो!

प्रेमिला, आमची बायको, म्हणते, "काय करून राहिले जी?"

"चूप! पाणी कपाटात आहे!"

"ऊन लागलं वाटते तुमाले."

मी म्हटलं, लागू दे. नवीन चिंधीबी आनायची नाई, आहेर कपाटातलाच वाटायचा! प्रेमिलानं कपाळाले हात लावला. "काहून हट्ट करून राहिले जी? हा मोरपंखी ब्लाउजपीस माह्या बहिणीनं, पुष्पलतानंच देल्ला होता, आता तिलेच द्याचा का?" मंग बसली बिचारी, कोनी काय देल्लं ते आठवत.

लगन लागलं. इकडं अक्षता पडल्या, तिकडं बोअरचा खोकला थांबला. फुस्स नाई, खर्र नाई… चूप. हात धुवायले टँकर आणला, पाहुण्यांनी पाहिलंबी नाई. मी मनातल्या मनात म्हटलं, जाऊ दे मधुकर, कपाट तर खाली झालं!

संध्याकाळी आलेला आहेर उघडला. पाहतो तर काय! अख्ख्या गोतानं आपापलं कपाट आमच्या घरी रिकामं केलं होतं! चंपतरावांनी तर हद्द केली. सकाळी माह्या हातून घेतलेला शर्टपीस, तोच, त्याच टाचणीसकट, संध्याकाळी मलेच!

गार्गी टाळ्या वाजवून राहिली, "काका, नवीन कपडा तर कोनीच घेतला नाई ना!"

खरं आहे पोरी. आता कपाटाचं दार लागत नाई, आन् अंगणातली बोअर बोलत नाई. कपडा वापस आला बाप्पा, सारा वापस आला… पाणीच तेवढं एकदा गेलं की वापस येत नाई.