नऊ दिवसांची रजा

मेलिता : एकोणतीस जूनची सुट्टी सोमवारी आहे, झारेन. सोमवार! मंगळवार ते शुक्रवार चार रजा टाकल्या की पुढेमागे धरून नऊ दिवस मिळतात. अख्ख्या माल्टाला हे जानेवारीतच दिसतं, तुला तेवढं दिसत नाही.

झारेन : दिसतं ना. म्हणून तर मी त्याच चार टाकतोय.

मेलिता : सिसिलीसाठी?

झारेन : फटाक्यांच्या खोलीवर. गावचा सण बारा जुलैला. रंगीत गोळे भरायचे राहिलेत.

मेलिता : जानेवारीतच राहिले?

झारेन : राहणार आहेत. दरवर्षी राहतात.

मेलिता : लोक कामावर रजा टाकून आराम करतात. माझा नवरा रजा टाकून बंदुकीची दारू कुटतो, तीही फुकट, वर स्वतःच्या खिशातून वर्गणी देऊन!

झारेन : सणाला आभाळ लाल झालं की छतावर सगळ्यात आधी तूच टाळ्या वाजवतेस.

मेलिता : तू शेजारी उभा असतोस म्हणून वाजवते. मार्चमध्ये संत जोसेफच्या सुट्टीचा गुरुवार, त्याला जोडून शुक्रवार घ्यायचा ठरलं होतं. तोही गेला?

झारेन : तेव्हा कागदाची नळकांडी गुंडाळायची असतात.

मेलिता : ती गुंडाळ. त्याने कोणी मरत नाही. जून मला दे.

झारेन : हे बघ, या वर्षी मी प्रमुख आहे. आधीचा प्रमुख चेन्सू, त्याचा हात थरथरतो, त्याला आता आत घेत नाहीत. मीच नऊ दिवस बोटीने फिरायला गेलो तर खोलीवरची पोरं काय म्हणतील? आणि तुला त्या सिसिलीचं एवढं काय आहे गं? अकरा वर्षं तेच बंदर, तोच पिवळा लॉज, तीच मासळीची खानावळ. बरं, बोटीत पाय ठेवल्यापासून तू पिशवीत तोंड घालून बसतेस.

मेलिता : बसते.

झारेन : पैसे देऊन ओकायला जाते ही बाई, असं मी खोलीवर सगळ्यांना सांगतो.

मेलिता : सांग. हसा सगळे.

झारेन : आणि नेमकी प्रत्येक वर्षी आमच्या ऐन भरणीतच तुझी सहल निघते. एकदा तरी ऑक्टोबरात काढ!

मेलिता : ऑक्टोबरात काय भरता तुम्ही?

झारेन : काही नाही.

मेलिता : मग ऑक्टोबरात कशाला जाऊ?

झारेन : म्हणजे?

मेलिता : कोणत्या आठवड्यात काय भरायचं त्याचा कागद फ्रिजवर कोण चिकटवतं? तूच ना? मी तो कॅलेंडरशेजारी धरते. रंगीत दारू, त्यात उन्हाळ्याचा कोरडा वारा, आणि त्याला लागून कुठली सुट्टी येते ते बघते. मला समुद्र सोसत नाही, झारेन. ती मासळीही आवडत नाही. पण तू माझ्याबरोबर बोटीत बसलास की त्या खोलीत नसतोस.

(खाली गल्लीत गॅसवाला हॉर्न वाजवतो.)

झारेन : अकरा वर्षं?

मेलिता : तुमच्या खोलीवरचा सिल्व्हिओ स्फोटात गेला त्या वर्षापासून. मी छतावर कपडे वाळत घालत होते. आवाज झाला, खिडक्या हलल्या. गल्लीतल्या सगळ्या बायका छतावर आल्या आणि धूर कुठून येतोय ते बघत राहिल्या. पलीकडच्या गावाकडून आहे असं कळलं, तेव्हा मला बरं वाटलं. आपला सिल्व्हिओ तिकडे मदतीला गेला होता, आणि मला बरं वाटलं होतं. त्याच्या बायकोच्या तोंडाकडे मी अजून नीट बघू शकत नाही.

झारेन : आम्ही काळजी घेतो गं. ठिणगी उडू नये म्हणून पितळी अवजारं, सुती कपडे, पाण्याची बादली...

मेलिता : सिल्व्हिओपण घेत होता.

झारेन : प्रमुखाने सोडून कसं चालेल, सांग ना.

मेलिता : बरं. नको येऊस. मी घरीच बसेन, खिडक्या लावून. फक्त एवढं कर. कुठेही, कुठल्याही गावात आवाज झाला, तर पहिला फोन मला करायचा. त्या क्षणी. करशील?

झारेन : मेलिता...

मेलिता : एवढंही नाही जमत?

झारेन : फोन आत नेता येत नाहीत. दाराबाहेरच ठेवावे लागतात.

मेलिता : ठेवता ना बाहेर? मग ते बाहेर वाजत राहतील आणि मी इथे ऐकत बसेन.

झारेन : ...तो रजेचा फॉर्म दे इकडे.

मेलिता : कशाला? खोलीसाठी?

झारेन : सिसिलीसाठी. किती दिवस लिहू?